हवा हलवायची, पंप नाही

रीवा गेहार्टनं लेकीच्या हातातला एक्स-रे घेतला, शेडच्या दारातल्या उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "बरा आलाय. कुणाचा?"

"मम्मी, थट्टा नको. तुझाच आहे."

"माझी छाती अशी नव्हती बाई. हे तर जानेवारीतलं आभाळ दिसतंय."

लाडॉना हसली नाही. ती काउंटीच्या दवाखान्यात श्वासाचे रोगी बघायची, आणि केंटकीच्या त्या डोंगरांत अशा रोग्यांना तोटा नव्हता. दर दुसऱ्या घरात एक म्हातारा खाणकामगार ओसरीवर बसून खोकत असे. तिचे वडील डेन्झिल त्यांतलेच एक. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्याआधीचं दीड वर्ष लाडॉनानं त्यांच्या उशाशी बसून काढलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाला ते सांगू?"

"नको. तो मला पाच मिनिटं ओळखतो. मी मला सहासष्ट वर्षं ओळखते."

"तरी ऐक. कोळशानं जे खाल्लं ते गेलं, म्हणाला. उरलंय त्यावर अजून पुष्कळ वर्षं निघतील. पण धूळ बंद. कसलीच नको, लाकडाचीसुद्धा नको." लाडॉनानं हात गरकन शेडभर फिरवला. "म्हणजे हे सगळं बंद."

हे सगळं म्हणजे काय, तर लाकूड कापायची एक जुनी बँडसॉ, एक घासायचं यंत्र, एक लांब बाक, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली नऊ वाद्यं. कमरेत बारीक, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची, तीन तारांची. डल्सिमर म्हणतात त्याला. खाण बंद पडल्यावर रीवानं ही वाद्यं करायला घेतली आणि त्यात तिचा जीव असा काही रमला, की ज्या बाईनं खाणीत राबताना सव्वीस वर्षं सूर्य मावळतानाच पाहिला, ती आता उजाडायची वाट बघायला लागली. काळ्या अक्रोडाची तपकिरी धूळ बाकावर, खिडकीच्या काचेवर, कोळ्याच्या जाळ्यावर, सगळीकडे बसलेली होती. कोळी बिचारा केव्हाच गाव सोडून गेला होता.

"ऐक लाडॉना. कंपनीनं माझं तरुणपण घेतलं, तुझा बाप घेतला, अर्धी छाती घेतली. आता कंपनी मेली, आणि मी ही शेडही तिलाच द्यायची? मढ्याला? नाही देणार."

"मग मला परत उशाशी बसव!" लाडॉनाचा आवाज टरकन फाटला. "एकदा बसले. मोजत बसले, आत्ता श्वास आला, आता येईल का. दुसऱ्यांदा नाही बसवणार मला, मम्मी. आणि बसल्यावाचून राहवणारही नाही."

रीवानं एक्स-रे पाकिटात घातला, पाकीट बाकावर ठेवलं, वरची धूळ फुंकरीनं उडवली आणि लेकीच्या डोळ्यांपुढेच खोकली.

"बघ," लाडॉना म्हणाली.

"बघितलं. धूळ नको ना? धूळ नसेल. मी काम सोडणार नाही, धूळ सोडेन."

शेवटी दोघींचं ठरलं ते असं. लाडॉनाकडे दवाखान्यातलं एक छोटं यंत्र होतं. कॉलरला अडकवायचं, माणूस जी हवा ओढतो तीच ते ओढतं आणि दिवसाअखेर धुळीचा आकडा दाखवतं. रीवानं शेडमध्ये धूळ ओढून घ्यायची व्यवस्था करायची. मग एक अख्खा दिवस रोजच्यासारखं काम करायचं. आकडा एकच्या आत आला तर लाडॉना पुन्हा ब्र काढणार नाही. वर गेला तर बँडसॉ, बाक, सगळं उचलायला माणूस येईल.

"शब्द?" लाडॉना म्हणाली.

"शब्द. तीन आठवडे दे."

*

बंद पडलेल्या शाळेच्या सुतारकामाच्या खोलीतून रीवानं एक जुना ब्लोअर आणला. लोखंडी पंखा, खाली पिंप, वर फुगणारी कापडी पिशवी. पंखा धूळ ओढणार, जाडा भुसा पिंपात पडणार आणि हवा पिशवीतून गाळून परत खोलीत येणार. आता प्रत्येक यंत्रापासून ब्लोअरपर्यंत नळ्या न्यायच्या होत्या. स्टोव्हच्या धुराड्याला वापरतात तसल्या पत्र्याच्या नळ्या तिनं छताखालून नेल्या, सांधे चिकटपट्टीनं बंद केले, प्रत्येक फाट्यावर सरकती झडप बसवली.

हे चालू असताना दारात पालथ्या बादलीवर तिचा दीर हायरम येऊन बसायचा. हायरम डेन्झिलचा थोरला भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. खाणीत तो मुकादम होता. रीवा आणि डेन्झिल दोघंही त्याच्याच हाताखाली राबले होते. आता त्याच्या नाकात नळी होती आणि मागे दोन चाकांवर ऑक्सिजनचा सिलिंडर. कुत्रा फिरवावा तसा तो सिलिंडर फिरवायचा.

"एवढ्या झडपा कशाला?" तो म्हणाला.

"एका वेळी एकच उघडी ठेवायची. सगळ्या उघड्या ठेवल्या तर हवा जवळच्या भोकातून जाते, लांबच्या यंत्राला काही मिळत नाही. तूच शिकवलंस ना? हवा आळशी असते म्हणून?"

"मी शिकवलेलं कुणी ऐकलं असेल असं वाटलं नव्हतं." हायरम खूश झाला. "आणि काय गं, वाद्यं करतेस, आणि आपल्या चर्चमध्ये तर वाद्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत. वर गेल्यावर काय सांगशील?"

"सांगेन, गळ्यातून गायला हवा उरली नाही, म्हणून लाकडाचा गळा केला. देव हसेल. तुझ्यासारखा आंबट नाहीये तो."

"पोरगी उगाच घाबरते," हायरम थोड्या वेळानं म्हणाला. "भुशानं कुणी मेलंय का?"

"कोळशाबद्दलही तू हेच म्हणायचास."

हायरम नाकातली नळी नीट करत बसला.

तिसऱ्या शनिवारी सकाळी लाडॉनानं यंत्र आईच्या कॉलरला लावलं, सुरू केलं आणि कामावर निघून गेली. रीवानं दिवसभर काम केलं. अक्रोडाच्या पातळ फळ्या कापल्या, एका डल्सिमरचं पोट घासून गुळगुळीत केलं, दुसऱ्याची मान कोरली. ब्लोअर असा घोंघावत होता की हायरमचे टोमणेही त्यानं ओढून घेतले. संध्याकाळी लाडॉना आली. रीवानं यंत्र तिच्या हातात दिलं.

लाडॉनानं बटण दाबलं. बघितलं. पुन्हा दाबलं.

"पॉइंट चार!"

"बरं का वाईट?"

"मम्मी! माझ्या दवाखान्यात यापेक्षा जास्त असेल!" आणि ती आईच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. रीवानं तिची पाठ थोपटली, ब्लोअरची पिशवी थोपटली, हायरमच्या सिलिंडरलाही एक थाप मारली. त्या संध्याकाळी तिनं कॉर्नब्रेड केला, घेवड्याचं कालवण केलं, आणि तिघंही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

*

दुसऱ्या दिवशी चर्चचा रविवार. त्या चर्चमध्ये पेटी नाही, स्वरांची पुस्तकं नाहीत. वडीलधारा एक ओळ चटकन म्हणतो आणि मग सगळे मिळून तीच ओळ लांबवतात. इतकी लांबवतात की ती डोंगर चढते, पलीकडे उतरते आणि नदी ओलांडून परत येते. रीवाला लहानपणापासून याचं वेड. पूर्वी तिचा आवाज ओळीच्या टोकापर्यंत जायचा आणि वर अजून एक मुरकी घ्यायचा. आता ओळीच्या निम्म्यातच तिची हवा संपे. मग ती तोंड मिटून उभी राही, शेजारच्या बायका तिची उरलेली ओळ पुरी करत, आणि पुढची ओळ आली की ती पुन्हा त्यांच्यात मिसळे. सूर कुणाचा कुठे संपला हे देवालाही कळू नये, अशीच त्या गाण्याची रीत आहे.

मग ब्रदर बर्चेल प्रवचनाला उभे राहिले. ते आधी साधंच बोलतात, हवापाण्याचं, गुडघेदुखीचं. ऐकणाऱ्याला वाटतं, आज काही लागत नाही. आणि मग केव्हातरी बोलण्यात सूर शिरतो, वाक्य हेलकावे घेऊ लागतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी ते खोल श्वास ओढतात आणि त्या श्वासाचाच ठेका होतो. आज त्यांनी पहिल्या माणसाची कथा घेतली होती.

"माती पडून होती, माझ्या भावांनो, हा!
तिला नाव नव्हतं, तिला गाव नव्हतं, हा!
आणि तो खाली आला, गुडघ्यावर बसला, हा!
सगळ्या आभाळाचा धनी, मातीत गुडघे टेकून, हा!
आणि छातीतला श्वास काढून त्यानं तिला दिला, हा!
मोजून नाही दिला, माझ्या बहिणींनो, हा!
राखून नाही दिला, हा!"

बायका उठून उभ्या राहिल्या, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी एकमेकींना मिठ्या मारल्या. पलीकडच्या बाकांवर हायरम मान खाली घालून ढसाढसा रडत होता, सिलिंडर कवटाळून. रीवाच्या मनात एवढंच आलं, की ज्याच्यासाठी देवानं गुडघे टेकले तो श्वास मी असा तसा जाऊ देणार नाही.

प्रवचन संपलं. बाहेर झाडाखाली लांब टेबलांवर जेवण मांडलं होतं. प्रत्येक घरचं काहीतरी: कोंबडीचा रस्सा, उकडलेल्या शेंगा, सफरचंदाच्या सारणाचे थर दिलेला केक. रीवा ताटली घेऊन उभी होती, तेवढ्यात हायरम सिलिंडर ओढत आला. डोळे अजून लाल. पण ओठाच्या कोपऱ्यात हसू.

"शाबास," तो हळूच म्हणाला. "हात विसरला नाही."

"काय विसरला नाही?"

"पोरीला बरं फसवलंस. कुठं टांगलं होतंस ते मी बघितलं. खिडकीच्या खिळ्याला. ताज्या हवेत."

"काहीतरी बोलू नकोस. कॉलरला होतं ते."

"सकाळी होतं."

रीवाच्या ताटलीतला केक सरकला.

तिला आठवलं. सकाळीच, फळी कापायला वाकल्यावर यंत्र हनुवटीला टोचलं. तिनं ते काढलं. आणि काढून ठेवलं कुठं? बाकावर नाही. तिचा हात सरळ खिडकीकडे गेला होता, जिथून बाहेरची हवा आत येत होती. संध्याकाळी लेकीच्या गाडीचा आवाज आला तेव्हा त्याच हातानं ते तिथूनच काढलं होतं. मनाला पत्तासुद्धा लागला नव्हता.

खाणीतही धूळ मोजायचा पंप असे, कमरेला लावायचा. साहेब लोक तपासणीला यायचे त्या दिवशी कामगार पंप कमरेला लावून खाली जात आणि कोळशाशी पोचण्याआधी, जिथे ताजी हवा आत येते तिथे, हवा वळवायला लावलेल्या पडद्यापाशी टांगून ठेवत. कुणी जेवणाच्या डब्यात घालून झाकण लावी. संध्याकाळी पुन्हा कमरेला. आकडा छान यायचा. मुकादम सांगे तसं सगळे करत. रीवानं सव्वीस वर्षं केलं. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

"मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

"मुद्दाम असो नसो. शेड राहिली ना? गप्प राहा. कुणाचं काय बिघडलं?"

"कुणाचं काय बिघडलं?" रीवाचा आवाज चढला. "हायरम, आत्ता आत रडत होतास ना? कशासाठी रडत होतास? डेन्झिलचा पंप कुणाच्या डब्यात असायचा?"

हायरमच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. "वरून हुकूम यायचा. आकडा वर गेला असता तर खाण बंद, दोनशे माणसं घरी. माझा स्वतःचा पंपही त्याच डब्यात होता, रीवा. बघ ना माझ्याकडे."

"बघतेय. रोज बघते. म्हणूनच सांगते, आणखी एकदा नाही. माझ्या शेडमध्ये नाही, आणि माझ्या पोरीशी तर नाहीच नाही."

"वेडी आहेस. सांगितलंस तर शेड जाईल."

"जाईल तेव्हा बघू. खोट्यावर उभी राहिली तर ती शेड नाही, खाणच आहे."

आणि ती तशीच, ताटली हातात घेऊन, टेबलापलीकडे गेली. लाडॉना दोन बायकांना मोठ्या उत्साहानं आईच्या नळ्यांबद्दल सांगत होती. रीवानं त्या बायकांसमोरच सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. आकडा खोटा आहे. यंत्र माझ्या अंगावर नव्हतं. खिडकीत होतं.

लाडॉनाचा चेहरा पांढरा पडला. "का केलंस?"

"सवयीनं. आणि सवय तुला ठाऊक आहे कुठली ती."

"पपांनीही…"

"सगळ्यांनीच. पपांनीही." रीवानं ताटली टेबलावर ठेवली. "उद्या सुट्टी घे. दिवसभर शेडमध्ये बस आणि माझ्या कॉलरकडे बघत राहा."

*

सोमवारी लाडॉना खुर्ची टाकून बसली. तोंडाला मास्क, हातात कॉफी. दुपारी बारा वाजता तिनं यंत्रावर तोवरचा आकडा बघितला आणि ते नुसतं आईपुढे धरलं.

दोन पॉइंट सहा.

ब्लोअर बंद झाल्यावर हायरमच्या नळीतली फुसफुस ऐकू येत होती. तो आज न बोलावताच आला होता.

"मम्मी," लाडॉना अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तू खरं सांगितलंस, त्याचं मला… पण ठरलं ते ठरलं."

"ठरलं ते अख्ख्या दिवसाचं. अजून अर्धा आहे."

"उरलेल्या अर्ध्यात काय होणार?"

रीवा बाकाला टेकून उभी राहिली. ती दमली होती, पण हनुवटी वर होती. "खाणीत आकडा वर गेला की काय व्हायचं, सांगू? कायदा म्हणायचा, हवा सुधारा आणि पुन्हा मोजा. हवा कुणी सुधारली नाही. पंप हलवले. सव्वीस वर्षं आम्ही पंपच हलवत राहिलो." तिनं बाकावर मूठ आपटली, भुसा उडाला. "आज मी हवा हलवीन. आकड्याला मी भीत नाही. तो कुठून येतो ते मला दाखवा, मग बघते."

तिनं खिडक्या झाकल्या, दार लोटलं. शेडमध्ये भर दुपारी अंधार झाला. मग तिनं खुंटीवरची जुनी खाणीतली टोपी घातली, कपाळावरचा दिवा लावला आणि ब्लोअर सुरू करून दिव्याचा झोत खोलीभर फिरवला.

झोतात धूळ दिसली. यंत्रांपाशी नव्हे. तिथून ती मुकाट नळीत जात होती. धूळ येत होती पिशवीतून. फुगलेल्या कापडाच्या अंगाअंगातून, थंडीत तोंडातून निघते तशी वाफ निघत होती, बारीक, पिठाहून बारीक, आणि ती सावकाश खोलीभर पसरत होती. जाडा भुसा पिंपात पडत होता आणि जो छातीत जातो तेवढाच नेमका यंत्र परत खोलीत सोडत होतं.

"अरे देवा," लाडॉना म्हणाली. "हे नुसतं गाळून तुझ्या तोंडावर फेकतंय."

"ब्लोअर बाहेर काढायचा," रीवा म्हणाली. "भिंतीपलीकडे. धुळीला घरात परत यायची वाटच नको."

"तेवढ्यानं भागायचं नाही." हे हायरम बोलला. दोघी वळल्या. तो उठून उभा राहिला होता. "बाहेर ओढलंस तर तेवढी हवा कुठूनतरी आत यायला हवी. ती येणार दाराच्या फटीतून, आणि तुझ्यापर्यंत येईतो सगळ्या शेडची धूळ उचलून आणणार. तिकडची खिडकी उघडी ठेव. तिथून बाकापर्यंत पडदा लावायचा. हवा तुझ्या पाठीमागून यायला हवी, तुझ्यावरून कामावर आणि कामावरून नळीत. तू नेहमी येणाऱ्या हवेच्या बाजूला उभं राहायचं."

"हे तुला माहीत होतं?" लाडॉनानं विचारलं. आवाजात धार होती. "तेव्हाही?"

"सगळं माहीत होतं पोरी," हायरम म्हणाला. "पडदा कसा लावायचा हे माझ्याइतकं त्या डोंगरात कुणालाच येत नव्हतं. लावायला वेळ द्यायचे नाहीत." मग म्हणाला, "आणि मी मागितला नाही."

त्याच्या गोठ्यात खाणीतल्या जाड पडद्याचं एक भेंडोळं पडलं होतं. लाडॉनानं ते गाडीतून आणलं. भिंतीला भोक पाडून ब्लोअर बाहेर, छपराखाली गेला. हायरम शिडीवर चढू शकत नव्हता, म्हणून खालून बोट दाखवत राहिला आणि लाडॉना वर खिळे ठोकत राहिली.

"डावीकडे. अजून. खाली सैल सोडू नकोस, हवा खालून पळते."

"हायरमकाका, मी रोगी बघते, पडदे लावत नाही."

"ते दिसतंयच. हातोडा म्हणजे सुई नाही, जोरात मार!"

रीवा खाली उभी राहून कित्येक महिन्यांत हसली नव्हती इतकी हसली, आणि हसताना खोकली, आणि त्या खोकल्याकडे लक्ष न देता पुन्हा हसली.

बुधवारी पुन्हा मोजलं. लाडॉना पुन्हा खुर्चीत, यंत्र पुन्हा कॉलरला. उघड्या खिडकीतून ऑक्टोबरची थंडी सरळ पाठीवर येत होती. रीवानं डेन्झिलचा जाड कोट चढवला आणि बाह्या दुमडून काम केलं. संध्याकाळी यंत्र बघितलं.

एक पॉइंट एक.

लाडॉनानं श्वास सोडला. "मम्मी, झालं. जवळपास एकच आहे. मी धरून चालते. शेड तुझी."

"आत म्हणजे आत."

"अगं, मीच सोडून देतेय ना!"

"तू सोडशील. माझी छाती नाही सोडणार." रीवानं यंत्र तिच्याकडून घेतलं आणि तो आकडा उलटसुलट पाहिला, जणू पाठीमागे आणखी काही लिहिलं असेल. "एक पॉइंट एकला एक म्हणायचं, मग दीडला एक म्हणायचं, मग डब्यात ठेवायचं. सुरुवात अशीच होते. कुणीतरी प्रेमानंच सूट देतं. नको मला. परवा पुन्हा."

हायरमनं बादलीवरून मान हलवली. "तपासणीच्या साहेबांच्या वरताण निघालीस."

ती रात्रभर विचार करत बसली नाही. उत्तर तिच्या खणातच होतं. सगळ्यांत बारीक धूळ होते ती शेवटच्या घासण्यात, यंत्रावर पॉलिश पेपर लावून लाकूड गुळगुळीत करताना. ते यंत्रच तिनं गुरुवारी बंद ठेवलं. त्याऐवजी पोलादाची एक पातळ पट्टी घेतली, तिला धार लावली, दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवली आणि अक्रोडाच्या अंगावरून ओढली. धूळ निघाली नाही. निघाल्या चकचकीत तपकिरी साली, केसासारख्या पातळ, आणि जड असल्यामुळे सरळ खाली पडल्या. कामाला तिप्पट वेळ लागला. अंगठे भाजल्यासारखे झाले. दिवसभरात एकाच डल्सिमरचं पोट पुरं होण्याची लक्षणं होती.

"अशानं महिन्याला किती होणार?" हायरम म्हणाला.

"होतील तेवढी होतील. घाईत सव्वीस वर्षं गेली."

शुक्रवारी मोजलं. लाडॉनानं बटण दाबलं आणि यंत्र आईच्या डोळ्यांपुढे धरलं.

पॉइंट सात.

रीवानं खडू घेतला. खाणीत पाळी सुरू होण्याआधी तपासनीस एकटा खाली जाऊन हवा बघत असे आणि भिंतीवर तारीख आणि आपल्या नावाची आद्याक्षरं लिहून येत असे: ही हवा मी पाहिली. रीवानं दारापाशी खांबावर आकडा लिहिला, खाली तारीख लिहिली, आणि खडू हायरमपुढे केला.

"मी?" हायरम म्हणाला. "माझ्या अक्षरांवर कुणी विश्वास ठेवावा?"

"मी नाही ठेवत. म्हणूनच लिही. आजचं खरं आहे, ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. खऱ्याखाली एकदा तरी लिही."

दोन अक्षरं लिहायला हायरमला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दुसऱ्यानं पत्र लिहिलं असतं. लिहून झाल्यावर तो खांबाला टेकून उभा राहिला, आणि नाकातल्या नळीनं जेवढी हवा दिली तेवढीच घेत राहिला.

"आणि पुढच्या महिन्यात?" लाडॉनानं डोळे पुसत विचारलं.

"पुढच्या महिन्यात पुन्हा मोज. न सांगता ये, पाहिजे तेव्हा ये. आकडा वर गेला तर मी पुन्हा हवा हलवीन, पुन्हा पडदा लावीन, भिंत फोडावी लागली तर भिंत फोडेन. शेड मात्र इथेच राहील." रीवानं कोटाच्या बाह्या पुन्हा दुमडल्या. "आता उजेड आहे तोवर मला काम करू द्या, सरका दोघंही. हवेच्या वाटेत उभे आहात."

भिंतीपलीकडे ब्लोअर घोंघावायला लागला. खिडकीतून थंड हवा आली, तिच्या पाठीवरून, खांद्यावरून, हातावरून पुढे गेली. रीवानं श्वास घेतला, होता तेवढा, आणि पट्टी दोन्ही अंगठ्यांत धरून अक्रोडावर वाकली.